दोन मार्कांचं वाक्य

आमच्या गल्लीत मला आजही बोट दाखवायची बंदी आहे. भाजीवालीकडची दोडकी दाखवायची झाली तरी मी हनुवटीने दाखवतो, आणि दगडाबाईच्या गोठ्यावरून जाताना दोन्ही हात पाठीमागे घेतो. नवीन राहायला आलेल्या लोकांना वाटतं, माणूस मोठा विचारी दिसतो. विचाराचा इथे काहीही संबंध नाही. ह्या सगळ्याला एक इंग्रजी क्रियापद जबाबदार आहे.

ते क्रियापद आमच्या घरात विष्णुपंतांनी आणलं. विष्णुपंत म्हणजे गल्लीच्या तोंडाशी राहणारे इंग्रजीचे निवृत्त मास्तर. साल एक्याऐंशी, महिना फेब्रुवारीचा, आणि आमची प्रभावती मार्चमध्ये मॅट्रिकच्या इंग्रजीला तिसऱ्यांदा बसणार होती. बाकीचे सगळे विषय तिने पहिल्याच झटक्यात काढले होते. इंग्रजी तेवढं दर वेळी थोडक्यात हुकायचं. माहेरी राणीसावरगावला असताना मॅट्रिकच्या आतच तिचं लग्न झालं, मग संसार, दोन मुलं, आणि आता महिला मंडळाच्या बालवाडीत ती मदतनीस म्हणून पोरं सांभाळत होती. मंडळाने ह्या वर्षी साफ सांगितलं होतं, की जूनपर्यंत मॅट्रिक झालात तर बालवाडीच्या बाई तुम्हीच, नाही तर आम्ही दुसऱ्या बाई बघतो. बालवाडीतली चिल्लीपिल्ली तिचा पदर धरून आमच्या दारापर्यंत यायची. ती दुसऱ्या कुणाचा तरी पदर धरतील ही कल्पना तिला सहन होत नव्हती, आणि खरं सांगतो, मलाही होत नव्हती.

'दिलेल्या शब्दांचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न तिला नडायचा. म्हणून विष्णुपंत आले आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, "ह्या वर्षी आउटनंबर येणार. मी छातीवर हात ठेवून सांगतो. आउटनंबर म्हणजे एकांची संख्या दुसऱ्यांपेक्षा जास्त असणं. घ्या लिहून. द एनिमी आउटनंबर्ड अवर सोल्जर्स. शत्रू आपल्या सैनिकांपेक्षा जास्त होते."

प्रभावतीने पेन्सिल खाली ठेवली. "कुठले शत्रू, मास्तर?"

"कुठलेही. वाक्य आहे ते."

"तसं नाही चालत. मागच्या वेळी मी गाइडातली वाक्यं घोकून गेले होते. पेपरात राजाचा घोडा विहिरीत पडला आणि मेंढपाळ सिंहासनावर बसला. जे मी माझ्या डोळ्यानं बघितलं नाही ते माझ्या ध्यानात राहत नाही. मला खरं वाक्य पाहिजे."

विष्णुपंतांनी माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याने बायकोला समजवावं अशी त्या नजरेत अपेक्षा होती. विष्णुपंत अविवाहित आहेत हे इथे सांगायला हवं.

खरं वाक्य शोधून द्यायची जबाबदारी मी अंगावर घेतली. मी एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होतो. कागदावर जे नाही ते आहे असं दाखवण्यात माझी हयात गेलेली. मग जे जगात आहे ते कागदावर आणायला असा किती वेळ लागणार होता? चहा होईपर्यंत काम उरकेल असा माझा हिशेब होता.

सुरुवात घरापासून केली. घरात मी एक पुरुष, प्रभावती एक बाई, मुलगा एक, मुलगी एक. म्हणजे बरोबरी. सरकारने सांगितलं दोनच पुरे, आम्ही आज्ञाधारकपणे दोनावर थांबलो, आणि त्या पायी आमच्या घरात कुणीच कुणाला आउटनंबर करू शकत नव्हतं. कुटुंबनियोजनाचा हा तोटा अजून कुठल्याही भिंतीवर रंगवलेला माझ्या पाहण्यात नाही.

मग मी स्वयंपाकघरात शिरलो. बशा होत्या भरपूर, कप होते थोडे. "झालं की," मी म्हणालो, "सॉसर्स आउटनंबर द कप्स. घे लिहून."

"आपल्या घरी कप फुटतात हे बोर्डाला औरंगाबादेत कळवायचं का?" प्रभावती म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

मी टोपल्यातल्या पोळ्यांकडे वळलो, तर तिने टोपलंच उचललं. "घरच्या पोळ्या मोजू नाही. बरकत जाते."

आता मोजल्याशिवाय कोण जास्त, कोण कमी हे ठरणार कसं? हे क्रियापद इंग्रजांच्या देशात जन्मलं, तिथे लोक पोळ्याही मोजत असतील, माणसंही मोजत असतील. आपल्याकडे मोजलेलं काहीच कुणाला आवडत नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी नुसती कळली. तिचा अनुभव पुढच्या आठवड्यात आला.

आमच्या शेजारी दगडाबाईचा गोठा. तिच्याकडे म्हशी पुष्कळ, गायी थोड्या. असा तयार मामला शेजारी असताना मी कपबशा कशाला मोजत बसलो, असं वाटून माझं मलाच हसू आलं. सकाळी कचेरीत जाताना मी गोठ्याच्या दाराशी थांबलो आणि बोटाने मोजायला सुरुवात केली. चार म्हशी झाल्या असतील नसतील, तोच दगडाबाई शेणाच्या हातानेच बाहेर आली.

"सायब, बोट खाली घ्या आधी. काय करायलात?"

"काही नाही, म्हशी मोजतोय."

"कशापायी? इकत घ्यायच्यात का?"

"छे. गायींपेक्षा म्हशी जास्त आहेत ना, तेवढं पाहायचं होतं."

दगडाबाईने माझ्याकडे असं पाहिलं की कचेरीत पोचेपर्यंत मला शर्टाची गुंडी तुटली आहे का, असं वाटत राहिलं. संध्याकाळी घरी आलो तर ती आमच्या ओट्यावर बसलेली.

"पांढऱ्या कपाळाच्या म्हशीनं पान्हा चोरलाय," ती म्हणाली. "सांजच्या धारंला थेंब न्हाई. तुमची नजर लय जड हाय, सायब. पाय उचला."

"पाय कशाला?"

"पायाखालची माती पायजे. मिठमिरच्यासंगं उतरून टाकते."

मी पदवीधर माणूस. वर्तमानपत्रात अंधश्रद्धेवर माझं एक पत्र छापून आलेलं होतं. मी ठामपणे नकार दिला. मग प्रभावती बाहेर आली आणि म्हणाली, "द्या की, माती आपली थोडीच आहे." भर गल्लीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, मी एक पाय उचलून दगडाबाईच्या खांद्याचा आधार घेत उभा राहिलो, आणि तिने माझ्या पायाखालची माती चिमटीत घेतली. समोरून शेजारच्या कुसुमबाई पाणी घेऊन चालल्या होत्या, त्या घागर खाली ठेवून बघत राहिल्या.

मला आशा होती की म्हैस तरी विज्ञानाची बाजू घेईल. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बादली भरून दूध दिलं. माझा गुन्हा शाबीत झाला. दगडाबाईने मोठ्या मनाने आम्हाला चहाचं बोलावणं दिलं, पण दूध मात्र त्या दिवसापासून ती पदराखाली झाकून आणू लागली.

ह्यावर तोड काढली दिनकररावांनी. दिनकरराव म्हणजे समोर राहणारे, कोर्टातून निवृत्त झालेले, आणि ज्या गोष्टीशी आपला काडीचा संबंध नाही तिचा सखोल विचार केलेले गृहस्थ. "दत्तोपंत," ते मला म्हणाले, "आमची सारी तालीम निजामाच्या अमदानीत उर्दूतून झाली. इंग्रजीशी आमची सलाम-दुआसुद्धा नाही. पण मसला मला समजला. ह्याला आमच्यात म्हणायचे, तादाद में ज्यादा. तुम्ही जनावरं सोडा. माणसं मोजा. सकाळी नळावर बायका जास्त का पुरुष जास्त, पाच मिनिटांत फैसला."

सल्ला बिनचूक होता. फक्त एक गोष्ट दिनकररावांनी लक्षात घेतली नाही आणि मीही घेतली नाही. त्याच महिन्यात खानेसुमारी होऊन गेलेली होती. मास्तर लोक दारोदार येऊन सगळ्या माणसांची नावनिशी घेऊन गेले होते. आणि चार-पाच वर्षांपूर्वी आणीबाणीत धरपकड करून नसबंदी केल्याच्या आठवणी गल्लीत अजून ताज्या होत्या. अशा वेळी एक सरकारी लिपिक सकाळी ओट्यावर बसून, बायका सोडून आधी फक्त पुरुष बोटाने मोजतोय, हे दृश्य लोकांना कसं दिसेल ह्याचा मी विचार करायला हवा होता. मी पुरुष आधी मोजले ते केवळ शिस्त म्हणून.

पहिल्यांदा आश्रुबा शिंपी बिनपाण्याची बादली घेऊन परत फिरला. मग एकेक जण फिरला. दुपारपर्यंत बातमी झाली की एकदा मोजून सरकारचं समाधान झालेलं नाही, आता कचेरीतला माणूस परत मोजायलाय, आणि ह्या खेपेला फक्त बापेच मोजायलाय. तिसऱ्या प्रहरी आश्रुबा पिंगळीला सासुरवाडीला गेला. दोघे जण वालूरला लग्नाला गेले, लग्नाची तिथी नसताना. काहींनी नुसतीच मागच्या दाराने ये-जा सुरू केली. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा गल्लीत पुरुष म्हणून मी, दिनकरराव आणि विष्णुपंत तिघेच उरलो होतो, आणि त्या दोघांचं वय पाहता त्यांना कुठे जायची गरज नव्हती.

मी मात्र आनंदाने उडालो. धावतच घरात गेलो. "प्रभावती, झालं. गल्लीत सगळ्या बायकाच बायका. द विमेन आउटनंबर द मेन. बाहेर येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

ती बाहेर आली. ओट्यावर उभी राहून तिने गल्ली वरपासून खालपर्यंत पाहिली. समोर आश्रुबाची बायको कंबरेवर हात देऊन उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

"खरं आहे," प्रभावती म्हणाली. "पण हे तुम्ही भिववल्यामुळं खरं झालंय. उद्या गडी परत आले की खोटं होणार. पेपर मार्चात आहे."

गडी परत आणायला दिनकररावांना दोन दिवस लागले, आणि त्यांनी घरोघर जाऊन जे सांगितलं ते असं, की दत्तोपंतांचा काही इरादा नाही, त्यांच्या डोक्याला थोडा ताण आहे. हा खुलासा सगळ्यांना एकदम पटला. माझ्या कचेरीला तो पटला नाही. कुणीतरी निनावी अर्ज केला होता की आपल्या खात्याचा लिपिक विनापरवाना सर्वेक्षण करतो. साहेबांनी लेखी खुलासा मागवला. मी सत्य तेच लिहिलं : 'पत्नीच्या इंग्रजी वाक्याकरिता गल्लीतील पुरुष मोजत होतो.' साहेबांनी त्यावर शेरा मारला : 'सदर वाक्य सोबत जोडावे.' आता वाक्यच तयार नव्हतं तर जोडणार काय? प्रकरण प्रलंबित राहिलं.

अशा रीतीने एका क्रियापदापायी मी म्हैस आटवली, गल्ली ओस पाडली आणि नोकरीवर बालंट आणलं, पण वाक्य काही झालं नाही. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी प्रभावती शांतपणे म्हणाली, "सोडा तो शब्द. नाही आला तर बरं, आला तर नशीब. तुम्ही फक्त एक करा. उद्या शाळेकडं फिरकू नका. तुम्ही मदत करायलात की मला धडकी भरते."

मी शब्द दिला. वाईटही वाटलं. इतके दिवस मी तिच्यासाठी लोकांची बोलणी खात होतो, आणि तिला माझीच धडकी. पण तिचा चेहरा पाहिला, त्या चेहऱ्यावरची काळजी पाहिली, आणि तिच्या पेनात शाई भरून दिली.

मी शब्द पाळलाही असता. पण सकाळी ती गेल्यावर पाहतो तर तिचा चष्मा देवापाशी. नमस्कार करताना काढून ठेवला तो तिथेच राहिला. चष्म्याशिवाय तिला फळा दिसत नाही आणि फळ्यापुढे कुणी उभं असलं तर तेही दिसत नाही. मी सायकल काढली आणि सुटलो.

केंद्र गावातल्याच एका शाळेत होतं. पेपर सुरू व्हायच्या आत मी शिपायाच्या हाती चष्मा पोचवला. खिडकीतून दिसलं की तिने तो डोळ्यांवर चढवला. माझं काम संपलं होतं. मी सायकलीला टांग मारली, पेपर सुरू झाल्याची घंटा झाली, आणि तेवढ्यात माझं लक्ष आजूबाजूला गेलं.

शाळेच्या भोवती जत्रा भरली होती. भिंतीवर माणसं, लिंबाच्या झाडावर माणसं, शाळेच्या मागे बैलगाडी उभी करून तिच्यावर माणसं. प्रत्येक परीक्षार्थ्यामागे एक मामा, दोन चुलते आणि खेड्यावरून मुद्दाम आलेले दोस्त. पेपर फुटून बाहेर आला की उत्तरं आत कशी धाडायची ह्याच्या सगळ्यांच्या तजविजी चाललेल्या. आत परीक्षेला बसलेली पोरं मूठभर, आणि बाहेर हे सगळं वऱ्हाड.

अहो, हेच ते वाक्य. खरं, डोळ्यांसमोरचं, मी न मोजताही आपोआप झालेलं. मदतनीस परीक्षार्थ्यांपेक्षा जास्त. आणि हे प्रभावतीला खिडकीतून नुसती मान वळवली तरी दिसत होतं.

शब्द दिलेला होता, पण तो फिरकायचं नाही एवढाच होता. मी फिरकलो तर होतोच. मी रस्त्याच्या कडेच्या दगडावर चढलो, खिडकीकडे तोंड केलं आणि दोन्ही हातांनी गर्दी दाखवली. मग दहा बोटं उघडली, मिटली, उघडली, मिटली, म्हणजे बाहेर इतके. मग आत बोट केलं आणि चिमूट दाखवली, म्हणजे आत एवढेसे. प्रभावतीने मान वर केली. तिने पाहिलं. मी आणखी जोराने बोटं उघडमीट केली.

मागून कुणीतरी माझं मनगट धरलं.

"आमी सकाळपासनं ह्याच गड्याला हुडकायलाव," जमादार म्हणाला. त्याचं नाव चंद्रभान हे मला नंतर कळलं. "दहा, ईस, तीस. तिसाव्या सवालाचा जबाब काय सांगितला? बोला."

"मी जबाब सांगत नव्हतो. मी गर्दी मोजत होतो."

"गर्दी मोजायचं काम आमचं हाय."

मी माझं पद, कचेरी आणि वर्तमानपत्रातलं पत्र ह्यांचा उल्लेख केला. त्यामुळे जमादाराच्या मदतीला आणखी दोन शिपाई आले. एकाने उजवा हात धरला, एकाने डावा, जमादाराने कॉलर, आणि तशी माझी मिरवणूक खिडकीसमोरून निघाली. मी मान फिरवून पाहिलं. प्रभावती उभी राहिली होती आणि तिच्या वर्गावरच्या बाई तिला खाली बसायला सांगत होत्या.

चौकीत मी एकटा नव्हतो. झाडावरचे, भिंतीवरचे, बैलगाडीवरचे, सगळे धरून आणले होते. बसायला जागा नव्हती. चंद्रभान जमादार पंचनामा लिहायला बसला आणि माझ्यापाशी अडला. "दुसऱ्यांकडं चिठ्ठ्या सापडल्यात. तुमच्याकडं बोटंच सापडली. हे लिवायचं कसं? खरं खरं सांगा, काय दाखवत होता?"

मी पहिल्यापासून सांगितलं. विष्णुपंत, कपबशा, म्हैस, नळ, सगळं. चौकीत सगळे शांत होऊन ऐकत होते. बैलगाडीवाला म्हशीच्या जागी इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. जमादाराने टोपी काढून टेबलावर ठेवली, टाक खाली ठेवला आणि चौकीभर एकदा नजर फिरवली.

"म्हंजे असं म्हणा की," तो सावकाश म्हणाला, "आत्ता ह्या चौकीत तुमी लोक आमाला आउटनंबर करायलात."

"अगदी बरोबर," मी म्हणालो.

"मग तुमाला सांभाळणार कोण? आमी तिघं? चला, निघा सगळे. आन पेपर संपुस्तोर कुनी शाळेकडं दिसायचं न्हाई."

पेपर संपल्यावर शाळेपासची सायकल घेऊन घरी पोचलो तर प्रभावती आधीच आलेली. मी तोंड लपवून पायावर पाणी घेऊ लागलो. तिने टॉवेल आणून दिला. "शब्द आला होता का?" मी विचारलं. "आला होता," ती म्हणाली. "लिहिलंस?" "लिहिलं." "मी दाखवलं ते?" त्यावर ती फक्त म्हणाली, "निकाल लागू द्या," आणि चुलीकडे वळली. पुढचे तीन महिने मी ते वाक्य तिच्याकडून काढायचा प्रयत्न केला. साहेबांचंही स्मरणपत्र आलं. तिने दाद दिली नाही.

जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजीत पास व्हायला पस्तीस लागतात. प्रभावतीला पस्तीस मिळाले, एक कमी नाही, एक जास्त नाही. विष्णुपंत पेढे घेऊन आले. दिनकररावांनी मुबारकबाद दिली. दगडाबाईने चरवीभर दूध आणलं, न झाकता. बालवाडीतली पोरं ओट्यावर गोळा झाली, आणि प्रभावती त्यांच्यात उभी राहून रडतही होती आणि हसतही होती. मी तिला इतक्या आनंदात लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

सगळे पांगल्यावर मी म्हणालो, "आता तरी सांग. त्या मदतनिसांचंच लिहिलंस ना?"

"ती माणसं सारखी हलत होती, मोजता येईनात. आणि तुमचे हात बघून मला वाटलं, तुमच्यामागं मधमाशा लागल्यात."

"मग?"

"मग पोलीस आले. ते तीन, तुम्ही एक. चष्मा होता, स्वच्छ दिसलं." तिने पदर नीट केला, आणि वर्गात उभी असल्यासारखी म्हणाली, "द पोलिसमेन आउटनंबर माय हजबंड."

माझ्या तोंडातला पेढा तसाच राहिला. कुठल्या तरी जिल्ह्यातल्या कुठल्या तरी परीक्षकाने चष्मा सावरून हे वाचलं असणार. चहा पिता पिता दुसऱ्या परीक्षकांना वाचून दाखवलं असणार. आणि साहेबांच्या फायलीला आता हे वाक्य जोडायचं होतं.

"अगं, त्यापेक्षा सोडून द्यायचा तो प्रश्न," मी म्हणालो. "दोन मार्कांसाठी माझी अब्रू बोर्डापर्यंत पोचवलीस."

प्रभावतीने गुणपत्रिका उघडून माझ्यापुढे धरली आणि पस्तीसच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"ह्यातले दोन तुमचे आहेत," ती म्हणाली.